टिव्होलीच्या बागेतील घुबड

रोम शहराविषयी काही लिहावयाचे नाही, असा निश्चय करूनच मी लेखणी हाती घेतली आहे. त्या शहराची वर्णने आपल्याकडे इतकी झाली आहेत, की तेथे जाऊन आलेला प्रत्येक गृहस्थ चारचौघांत बसला म्हणजे कोलोसियमच्या कमानी मोजून दाखविल्यावाचून राहत नाही, आणि घरची मंडळीही बिचारी सौजन्याने ऐकून घेतात. तेव्हा रोमला दुरूनच नमस्कार करून मी वाचकांस तेथून पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या टिव्होली या डोंगरी गावी नेणार आहे. तेही गावाकरिता नव्हे, तर तेथील एका बागेकरिता. आणि खरे सांगावयाचे तर साऱ्या बागेकरिताही नव्हे, त्या बागेतील एका घुबडाकरिता. घुबडाचे नाव काढताच काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे मी जाणतो. पण हे घुबड धातूचे आहे. त्याच्यापासून कोणास काही अपाय होण्याची भीती नाही. झालाच तर थोडा विचार करावा लागेल, इतकेच.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवाने आम्हा उभयतांस युरोपात बोलावून घेतले. तो तिकडे नोकरीस असतो. सूनबाई आणि सात वर्षांची नातही तेथेच. नातीचे मराठी स्वच्छ आहे, परंतु मराठी मुलखाशी तिची ओळख सुटीपुरतीच. तिच्या शाळेस पंधरा दिवसांची सुटी लागली, तेव्हा आम्ही पाचही जणांनी इटलीची वाट धरली.

माझ्या पिशवीत पासपोर्टाखेरीज आणखी एक कागद होता. त्याची हकीकत येथेच सांगून टाकतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. पुण्यास पेठेत आम्हा तीन भावांचा जुना वाडा होता. त्याच्या तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या, मागची भिंत पावसाळाभर ओल धरी, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे थोरल्या वहिनी दोन वर्षे माडीवरून खाली उतरलेल्या नव्हत्या. वाडा पाडून नवी इमारत बांधावी, हे सर्वांस पटले होते. माझे अडले होते ते परसातील आंब्यापाशी. नव्या नकाशात त्या आंब्याच्या जागी मोटारी उभ्या राहावयाच्या होत्या. त्याची भरपाई म्हणून गच्चीवर एक बाग, तीत विजेवर चालणारा लहानसा धबधबा, आणि कुंड्यांच्या आड दडविलेल्या ध्वनिक्षेपकांतून सकाळ-संध्याकाळ पक्ष्यांचे कूजन, अशी योजना बांधकाम करणाऱ्या गृहस्थांनी रंगीत पुस्तिकेत छापून दिली होती. दोघा बंधूंच्या सह्या झाल्या होत्या. माझी राहिली होती. मला 'नाही' म्हणावयाचे नव्हते, आणि 'होय'ही म्हणवत नव्हते. "परत येईपर्यंत विचार कर, पण मग विलंब नको," असे दादांनी निघताना बजावले होते. असा तो कागद घेऊन मी इटलीत हिंडत होतो.

रोमहून टिव्होलीस आगगाडीने जाता येते. शहर मागे पडले की सपाट मैदान लागते, आणि त्यात पांढऱ्या दगडाच्या प्रचंड खाणी दिसू लागतात. जवळच गंधकयुक्त पाण्याचे झरे आहेत. त्यांचा वास असा, की सौभाग्यवतीने नाकास पदर लावला आणि खिडकी लावून घेण्यास फर्माविले. या दगडास ट्रॅव्हर्टाईन म्हणतात. टिव्होलीचे प्राचीन नाव टिबूर. 'टिबूरचा दगड' या लॅटिन नावावरूनच हा शब्द आला. रोममधील कोलोसियम याच दगडाचे. त्याची उत्पत्ती मोठी नवलाची आहे. येथील पाण्यात चुन्याचा अंश फार. ते पाणी वाहता वाहता आपल्यातील चुना पानांवर, काड्यांवर, दगडांवर थरांनी बसवीत जाते, आणि हजारो वर्षांत त्याचा खडक होतो. म्हणजे या मुलखात पाणीच पाथरवट आहे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. या पाथरवटाने पुढे काय काय केले ते आपल्यास पाहावयाचे आहे.

मैदान संपून चढ लागतो, ऑलिव्हची राखी रंगाची झाडे दोहो बाजूंस दिसू लागतात, आणि आनिएने नदी जेथे डोंगरावरून खाली उडी घेते तेथे टिव्होली गाव बसलेले आहे. रोमच्या धनिकांस उन्हाळ्यात हवा पालटण्यास हे ठिकाण दोन हजार वर्षांपासून प्रिय आहे. हेड्रियन बादशहाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात याच डोंगराच्या पायथ्याशी आपले अफाट विश्रांतिस्थान बांधिले.

आपली बाग मात्र त्यानंतर चौदाशे वर्षांनी झाली. तिचा धनी कार्डिनल इप्पोलितो द एस्ते. हा १५०९ साली जन्मला. फेरारा येथील एस्ते राजघराण्यातला, आणि आईकडून सहाव्या अलेक्झांडर पोपचा नातू. आजोबा ज्या गादीवर बसले तीवर आपणही बसावे, ही त्याची जन्मभरची आस. परंतु ती अखेरपर्यंत पुरी झाली नाही. १५५० साली त्यास टिव्होलीचे राज्यपालपद मिळाले. तेथे त्यास राहण्यास मिळाला तो एक जुना ख्रिस्ती मठ. रोमची गादी हातची गेलेल्या या माणसाने मग त्या मठाचा वाडा केला, वाड्याखालचा सबंध उतार खणून काढला, आणि तेथे अशी बाग उठविली की पोपांनीही ती पाहण्यास यावे. बागेची आखणी पिर्रो लिगोरिओ याची. हा वास्तुविशारद आणि प्राचीन वस्तूंचा मोठा शोधक; हेड्रियनच्या पडक्या वाड्यात त्याने खोदकाम केले आणि तेथील संगमरवर उचलून या बागेस आणला. मोठ्या लोकांच्या बागा बहुधा दुसऱ्या मोठ्या लोकांच्या अवशेषांतूनच उभ्या राहतात.

बागेत शिरण्यास आधी वाड्यातून जावे लागते. भिंतींवरील चित्रे पाहत आपण सज्जावर येतो आणि एकाएकी पायांखाली सारी दरी हिरवी होते. त्या हिरवाईतून पहिल्याने जे येते ते दृश्य नव्हे, आवाज. पन्नासावर कारंजी एकदम चालू असतात. यांस पंप नाही, इंजिन नाही. आनिएने नदीचे पाणी गावाच्या पोटातून भुयाराने आणिलेले आहे. ते उंचावरून येते आणि केवळ उतरण्याच्या जोरावर उड्या मारिते. साडेचारशे वर्षांपूर्वी ही व्यवस्था केली, ती आजही तशीच चालते.

शंभर कारंज्यांची वाट म्हणून एक लांबच लांब भिंत आहे. तिच्यावर तीन रांगांनी पाण्याच्या धारा सुटतात. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले असता पाण्याच्या कुजबुजीचा स्वर हळूहळू पालटत जातो. मोठ्या लंबगोल कारंज्याच्या पडद्यामागून जाता येते. तेथे तोच आवाज ढोलासारखा घुमतो. पलीकडे एक ड्रॅगन नामक काल्पनिक सर्पांचे कारंजे आहे. त्यातून पूर्वी तोफेच्या बारांसारखे आवाज काढीत. नात प्रत्येक कारंज्यापाशी डोळे मिटून उभी राहू लागली. "आजोबा, पाणी एकच आहे, पण बोलतंय वेगवेगळं," असे ती म्हणाली. मी हे वाक्य टिपून ठेविले. याहून चांगले वर्णन मला करता आले नसते.

आणि मग आम्ही घुबडाच्या कारंज्यापाशी आलो.

हे कारंजे १५६५ ते १५६९ या वर्षांत झाले. मोठ्या कोनाड्याच्या दोहो बाजूंस खांब आहेत. त्यांवर सोन्याची सफरचंदे लागलेली वेल चढविली आहे आणि वर एस्ते घराण्याचा गरुड आहे. कोनाड्यात कृत्रिम फांद्या आणि त्यांवर बसविलेले धातूचे, रंग दिलेले लहान लहान पक्षी. ठराविक वेळी यंत्र सुरू होते. आम्ही पोहोचलो तेव्हा पन्नाससाठ माणसे आधीच उभी होती. प्रथम एक किलबिल उठली. मग दुसरी, तिसरी. पाहता पाहता साऱ्या कोनाड्यात पक्ष्यांची सभा भरली. इतक्यात एक घुबड पुढे आले. त्यासरशी सारे पक्षी गप्प. क्षणभर केवळ पाण्याची झुळझुळ. घुबड मागे फिरले, नाहीसे झाले, आणि पुनः एकेक शीळ भीत भीत सुरू होऊन सभा पूर्ववत् भरली. लहान मुलांनी टाळ्या पिटल्या. मोठ्यांनीही पिटल्या, मी त्यांत होतो.

हे कसे घडते, हे सांगितल्याखेरीज पुढे जाणे बरे नव्हे, कारण खरी मौज तेथेच आहे. ही कल्पना मुळात इटलीची नव्हे. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत इसवी सनाच्या पहिल्या शतकात हिरो नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. हवा आणि पाणी यांच्या जोरावर चालणाऱ्या युक्त्यांचा त्याचा एक ग्रीक ग्रंथ आहे, आणि त्यात हेच पक्षी व हेच घुबड वर्णिलेले आहे. तो ग्रंथ १५७५ साली लॅटिनमध्ये आणि १५८९ साली फेरारा येथे इटालियनमध्ये छापून निघाला. विद्वानांच्या हातांत त्याच्या हस्तलिखित प्रती तत्पूर्वीच फिरत होत्या.

हिरोची युक्ती अशी. चोहो बाजूंनी बंद अशी एक टाकी घ्यावयाची. तीत वरून पाणी सोडिले, की आतील हवेस जागा उरत नाही. ती बारीक नळीवाटे बाहेर पळते. त्या नळीच्या तोंडाशी शिट्टी बसविली की ती वाजते, आणि शिट्टीचे टोक पाण्यात बुडते ठेविले की तिच्या आवाजास पक्ष्याच्या कंठातील थरथर येते. आपल्याकडे जत्रेत पाणी भरून फुंकावयाची चिमणी मिळते, तिचे तत्त्व हेच. नातीस मी हा दाखला दिला; गेल्या खेपेस तिला अशीच चिमणी घेऊन दिली होती, त्यामुळे ती चटकन समजली. आता टाकी भरत आली म्हणजे हवा संपते, पक्षी गप्प होतात. त्याच वेळी टाकीतील वक्रनलिका आपले काम सुरू करिते आणि सारे पाणी खाली एका टांगत्या बादलीत ओतते. बादली जड होऊन खाली जाते. तिची दोरी एका उभ्या दांड्यास गुंडाळलेली असते, तो दांडा फिरतो. दांड्यावर घुबड बसलेले असते, ते पक्ष्यांकडे तोंड करिते. मग बादलीही आपल्या वक्रनलिकेने रिकामी होते, दुसऱ्या बाजूचे वजन तिला वर ओढिते, घुबड पाठ फिरविते, टाकीत पुनः पाणी येऊ लागते आणि पुनः किलबिल.

टिव्होलीस पाहणाऱ्यापुढे आज जे यंत्र आहे ते चालू शतकाच्या आरंभी झालेल्या जीर्णोद्धारातले आहे. परंतु खेळ तोच.

माझे हे विवेचन चालले असता सौभाग्यवती कोनाड्याकडे एकटक पाहत होती. नातीने विचारिले, "आजी, पक्षी घाबरले म्हणून गप्प बसले ना?"

"गप्प कसले बसतात गं!" ती म्हणाली. "आपल्या परसात पिंगळा दिवसा ढोलीबाहेर आला की काय करतात पाखरं? साळुंक्या काय, बुलबुल काय, कावळे काय, सगळी मिळून नुसता हलकल्लोळ. दुपारची झोप लागू देत नाहीत. अहो, ज्यांनी हे केलं त्यांनी घुबड कधी पाहिलंच नव्हतं वाटतं?"

मी हसलो, परंतु हसे ओठांवरच राहिले, कारण तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दिवसाउजेडी घुबड दृष्टीस पडले की लहान पक्षी मुळीच मौन धरीत नाहीत. ते त्याच्याभोवती गोळा होतात, ओरडतात, अंगावर झेपा घेतात. घुबडाचे सारे बळ लपून राहण्यात. त्याची जागा उघडी पाडिली की त्याचा डाव फसतो, हे त्या चिमुकल्या जीवांस पक्के ठाऊक असते. टिव्होलीच्या कारागिरांसही हे ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. इटलीत पारधी लोक लहान जातीचे घुबड दांडीस बांधून ठेवीत आणि त्याच्यावर ओरडण्यास जमलेली पाखरे चिकाच्या काठ्यांवर धरीत; तेथील हा फार जुना धंदा. त्या लहान घुबडास इटालियन भाषेत 'चिवेत्ता' म्हणतात, आणि हे कारंजेही त्याच्याच नावाचे आहे. अधिक नवलाची गोष्ट ही, की शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात चिवेत्ता आणि आपला पिंगळा एकाच प्रजातीत पडतात. तेव्हा पुण्याच्या परसातील पिंगळ्याची साक्ष टिव्होलीच्या खटल्यात ग्राह्य धरण्यास हरकत नसावी.

मग कारागिरांनी हे उलटे का दाखविले? मी त्या कोनाड्यासमोरील कठड्यावर बसून बराच वेळ विचार केला. माझा तर्क असा. यंत्रातील पक्षी गप्प होतात ते घुबडाच्या भीतीने नव्हे. टाकी भरली म्हणून. पाणी उतरून जाईपर्यंत यंत्रास गाता येत नाही. खऱ्या पक्ष्यास अशी अडचण नाही. हिरोच्या हातून पाखराचा आवाज साधला, परंतु तो मध्येच तुटतो, ही उणीव काही लपेना. तेव्हा त्या चतुर माणसाने उणिवेस एक गोष्ट जोडून दिली. घुबड आले म्हणून पाखरे थांबली! पाहणारा गोष्टीत रमतो आणि टाकी रिकामी होण्यास सवड मिळते. निसर्गाचे अनुकरण जेथे थकते तेथे मनुष्य कथा रचितो, आणि ती कथा इतकी गोड असते की पुढे पिढ्यान्‌पिढ्या निसर्गच तसा आहे असे आपण मानून चालतो. शिवाय ती कथा धन्याच्या मनासारखीही होती. एक सत्ताधीश पुढे येतो आणि सारी सभा चिडीचूप होते, हे चित्र कार्डिनलास अप्रिय असण्याचे कारण नव्हते. खऱ्या रानात सत्ताधीशास पाहून सभा अधिकच ओरडते. ते चित्र त्याने पैसे देऊन का करून घ्यावे?

याच बागेत वरच्या अंगास ऑर्गनचे कारंजे आहे. ऑर्गन हे वाद्य आपल्या वाचकांस संगीत नाटकांमुळे परिचित आहे; पण तो पायाने भाता मारून वाजवावयाचा, आतून पत्तीचा. येथील ऑर्गन नळ्यांचा आणि त्याचा भाता म्हणजे धबधबा. उंचावरून बंद खोलीत कोसळणारे पाणी आपल्यासवे हवा ओढून आणिते; खाली ती हवा पाण्यापासून सुटी होऊन दाबाने नळ्यांत शिरते. तेच पाणी पुढे एक चाक फिरविते, चाकाने खुंट्या बसविलेला रूळ फिरतो, आणि खुंट्यांनी नळ्यांच्या झडपा ठरल्या क्रमाने उघडतात. वाजविणारा कोणी नाही. १५७२ साली तेरावे ग्रेगरी पोप येथे आले तेव्हा आत कोणी माणूस लपला नाही ना, हे पाहिल्याखेरीज त्यांचे समाधान होईना, असे सांगतात. १५८१ साली फ्रेंच निबंधकार मोंतेन्य येथे येऊन गेला. त्याने आपल्या रोजनिशीत ऑर्गन, पक्षी आणि घुबड या तिहींची नोंद केली आहे. वाद्य खरे, परंतु ते सदा एकच चीज वाजविते, हा बारकावाही त्याच्या नजरेतून सुटला नाही. नदी मात्र एकच चीज दोनदा वाजवीत नाही.

कार्डिनल १५७२ साली वारला. पुढे बाग वारसांकडे गेली, वारसांकडून ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडे गेली; पुतळे विकले गेले, पायऱ्यांवर शेवाळ चढले. आणि आरंभी सांगितलेला तो पाथरवट, म्हणजे पाणी, आपले काम करीतच होता. ज्या पाण्याने पक्ष्यांस कंठ दिला त्याच पाण्याने त्यांच्या नळ्यांत चुन्याचे थर बसवून तो कंठ बुजवून टाकिला. पहिल्या महायुद्धानंतर बाग इटलीच्या सरकारकडे आली, तिची डागडुजी होऊन ती लोकांस खुली झाली. १९४४ साली बाँब पडून पुनः नुकसान झाले. पुनः दुरुस्ती झाली. २००१ साली जागतिक वारशाच्या यादीत तिची गणना झाली. त्यापुढील दोन वर्षांत घुबड आणि ऑर्गन दोन्ही पुनः बोलू लागले. नळ्यांतील चुना मात्र आजही काढीतच राहावे लागते. निसर्गाची नक्कल करणे एक वेळ सोपे. ती नक्कल निसर्गापासून सांभाळणे जन्माचे काम.

दुपारी आम्ही सुरूच्या जातीच्या उंच सायप्रस वृक्षांखाली बसून डबा उघडिला. या वृक्षांखाली एक थोर संगीतकार हिंडून गेला आहे. हंगेरीचा फ्रान्झ लिस्ट आपल्या उतारवयात या वाड्यात वारंवार येऊन राही. येथील कारंज्यांवर त्याने १८७७ साली पियानोकरिता एक रचना केली. चिरंजीवाने ती दूरध्वनियंत्रावर लाविली. पियानोच्या उंच पट्ट्यांतून थेंब उडू लागले. शेजारी खरे कारंजे, हातांत त्याची नक्कल! लिस्टने पाण्याचा आवाज हुबेहूब काढिला असे म्हणता येणार नाही. पण पाणी पाहून मनास जे होते ते त्याने पकडिले आहे. याच्या उलट टोकाचे उदाहरण रोमचेच. ओत्तोरिनो रेस्पीगी या संगीतकाराने रोमच्या पाइन वृक्षांवर १९२४ साली एक वाद्यवृंदरचना केली. तिच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी नाइटिंगेल पक्षी गातो. ते गाणे कोणत्याही वाद्यास न देता, खऱ्या पक्ष्याची ग्रामोफोनची तबकडी तेथे लावावी, असे त्याने लिहून ठेविले. म्हणजे हिरोने शिट्टीने पक्षी केला, लिस्टने पट्ट्यांनी पाणी केले, आणि रेस्पीगीने हात जोडून सांगितले की आता पक्ष्यासच बोलू द्या. तो पक्षीही तबकडीत कोंडलेला असल्याने ठरल्या वेळीच गातो, ही गोष्ट निराळी.

उन्हे कलली. घुबडाच्या कारंज्याचा आणखी एक खेळ पाहावा असा नातीचा हट्ट पडला. आम्ही पुनः तेथे गेलो. खेळ झाला, माणसे पांगली. आम्ही निघणार, इतक्यात वरच्या झाडीतून एक शीळ आली. भरदार, सावकाश, मध्येच वळण घेणारी. पिवळ्या चोचीचा काळा पक्षी होता. आपल्या घाटातील कस्तुराचा भाऊबंद. नात पुटपुटली, "हा कोणत्या टाकीवर चालतो?" कोणी हसले नाही. त्याने एक लकेर घेतली, थांबला, निराळी घेतली. तो का थांबला आणि पुनः का लागला, याचा हिशेब आम्हांपैकी कोणासही लागला नाही. आणि त्या धातूच्या पक्ष्यांविषयी माझ्या मनात राग राहिला नाही. त्यांनी सकाळपासून आमचे कान उघडून ठेविले नसते, तर हा कस्तूर आम्हांस ऐकूच आला नसता. नकलेचा एवढा उपकार मानलाच पाहिजे. फक्त तिच्याकरिता अस्सल वस्तू मोडून देऊ नये.

त्या रात्री रोमच्या मुक्कामी मी पिशवीतील कागद काढून पाहिला. 'पक्ष्यांचे कूजन, सकाळी एक तास व सायंकाळी एक तास.' त्यात घुबड नव्हते. पाखरे का थांबली, याचे कारण सांगण्याचीही तसदी कोणी घेतली नव्हती.

पुण्यास परत आल्यावर पहिल्याने मी माडीवर वहिनींकडे गेलो. त्यांची खिडकी आंब्याकडे उघडे. आजवर त्यांचे मत कोणी विचारिलेच नव्हते. त्यांच्या गुडघ्यांकरिताच सारे चालले आहे, तेव्हा त्यांची संमती गृहीतच, असे आम्ही तिघेही भाऊ धरून चाललो होतो. मी विचारिले तेव्हा त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, लिफ्ट मला हवीच आहे. पण दोन वर्षांनी खाली उतरायचं आणि बघायच्या काय, तर मोटारी? या खिडकीत बसून मला त्या पिंगळ्याचीच सोबत होती."

त्यानंतर घरात जे बोलणे झाले ते सारे येथे सांगण्याचे कारण नाही. दादा रागावले, धाकट्याशी पंधरा दिवस अबोला झाला. आंबा ठेवावयाचा तर इमारत एका अंगास सरकवावी लागत होती, दोन मोटारींची जागा जात होती आणि तिघांच्याही घरांतील एकेक गॅलरी अरुंद होत होती. जाणाऱ्या जागांपैकी एक माझी असावी, असे मी लिहून दिले. दुसरीचे अखेर दादांनीच पाहिले. नकाशा नवा झाला. मी सही केली. ध्वनिक्षेपकांची योजना कागदावरून कोणी काढिली ते मला ठाऊक नाही. मी काही बोललो नव्हतो.

इमारतीचे काम अजून चालू आहे. आंबा उभा आहे. त्याच्याभोवती पत्रे लावून बुंधा जपला आहे. पिंगळा मात्र वाडा पडू लागला त्याच आठवड्यात ढोली सोडून गेला. धूळ आणि घणांचे आवाज त्यास सोसवले नसावेत. दर रविवारी नातीचा दूरध्वनी येतो आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आजोबा, पिंगळा आला का?" मी सांगतो, "अजून नाही." बुलबुल आणि साळुंक्या मात्र येऊ लागल्या आहेत. ज्या दिवशी दुपारी त्या एकाएकी कालवा करतील, त्या दिवशी मला वर मान करून पाहण्याची गरज पडणार नाही.